कच्च्या माशाचे पक्के गणित

कळंबोली म्हटले की मुंबईकराला दोन गोष्टी आठवतात. पुण्याला जाणारा द्रुतगती मार्ग जिथून सुरू होतो ते ठिकाण, आणि दक्षिण मुंबईतली गर्दी कमी करण्यासाठी सिडकोने जिथे आणून वसवला तो लोखंड-पोलाद बाजार. या बाजारात दुपारी एकच्या सुमारास क्रेनची घरघर जराशी मंदावते. माथाडी कामगार, ट्रकचालक, दलाल आणि गाळ्यांच्या माळ्यावरच्या कचेऱ्यांतले हिशेबनीस जेवायला बाहेर पडतात. त्यांतला जो मत्स्याहारी आहे त्याच्यासमोर येते ती थाळी ठरलेली असते : तळलेला बांगडा किंवा सुरमईची तुकडी, वाटीभर कालवण, तांदळाची भाकरी, भात आणि सोलकढी.

तासाभराच्या अंतरावरच्या वांद्रे-कुर्ला संकुलात किंवा लोअर परळच्या काचेच्या इमारतींत याच वेळी आणखी एक मासळीचे जेवण मांडले जात असते. चौकोनी ताटात भाताचे छोटे मुटके, त्यावर कच्च्या माशाची पातळ चकती, बाजूला आल्याच्या गुलाबी चकत्या आणि हिरवट तिखट गोळी. मुंबईत जपानी जेवणाला प्रतिष्ठा मिळाली ती २००४ मध्ये ताजमहाल हॉटेलात शेफ मासाहारू मोरिमोतो यांच्या नावाने ‘वासाबी’ सुरू झाले तेव्हा. तेव्हा ती मूठभर श्रीमंतांची चैन होती. पुढच्या दोन दशकांत ती कार्यालयीन वस्त्यांमधल्या दुपारच्या जेवणापर्यंत उतरली. नवी मुंबईतून रोज मुंबईला कामासाठी जाणाऱ्या तरुण पिढीला ‘सुशी’ हा शब्द आता समजावून सांगावा लागत नाही. त्यांच्या घरच्यांना मात्र लागतो. आणि गंमत अशी की, ‘कच्चा मासा? छे!’ असा उद्गार सर्वांत जोरात निघतो तो पिढ्यान् पिढ्या खाडीची मासळी खाल्लेल्या आगरी-कोळी घरांतून. हा उद्गार अडाणीपणाचा नाही. मासा किती लवकर बिघडतो हे ज्यांना माहीत आहे त्यांचा तो उद्गार आहे.

मग जपानी माणूस तो कसा खातो? त्याला काही होत नाही का? आणि हा मासा येतो तरी कुठून?

तोक्योची खानावळ

पहिला गैरसमज दूर करायला हवा. जपानी माणूस रोज दुपारी कच्चा मासा खातो, हे खरे नाही. तोक्योच्या मारुनोउची किंवा शिंबाशी या कचेऱ्यांच्या भागांत दुपारी जी जेवणघरे भरतात, तिथले मुख्य जेवण म्हणजे ‘तेइशोकु’. याचा सरळ अर्थ ठरलेले जेवण, आपल्या भाषेत थाळीच. भात, मिसोचे सार, लोणचे आणि एखादा मुख्य पदार्थ. हा मुख्य पदार्थ बहुतेक वेळा मीठ लावून जाळावर भाजलेला मासा असतो, आणि त्यांत फार लोकप्रिय असलेला ‘साबा’ हा आपल्या बांगड्याचाच जवळचा नातेवाईक. ‘आजचे ताट’ वेगळे लावलेले असते, रोज बदलते आणि स्वस्त असते. याच जेवणघरात संध्याकाळी गेलात तर बिल भलतेच वाढते. कारण संध्याकाळी मद्य आणि निवांतपणा दोन्ही विकले जातात. दुपारी गिऱ्हाईक वीस मिनिटांत उठते. आपल्याकडच्या खानावळवाल्याला हे अर्थशास्त्र कुणी शिकवायला नको.

कच्ची मासळी दुपारच्या जेवणात येते ती बहुधा ‘काइसेनदोन’च्या रूपाने : मोठ्या वाडग्यात भात आणि त्यावर चार-सहा प्रकारच्या मासळीचे काप. नुसते कच्च्या माशाचे काप म्हणजे ‘साशिमी’. आंबूस भातासोबत जे काही येते ते ‘सुशी’. म्हणजे सुशी या शब्दाचा खरा संबंध माशाशी नसून भाताशी आहे. शिजवलेल्या कोळंबीची, अंड्याची, काकडीचीही सुशी असते. तळलेल्या कोळंबीचा ‘तेंपुरा’ हा तर पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात जपानला दिलेला प्रकार मानला जातो. सेंट फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये गोव्याहूनच जपानकडे निघाले होते, तेव्हा तेंपुराची आणि आपल्या भज्यांची दूरची ओळख निघाली तर नवल वाटायला नको.

एक सूचना शाकाहारी वाचकांसाठी. मिसोचे सार दिसायला डाळीच्या पाण्यासारखे असले, तरी त्याचा आधार असतो तो ‘दाशी’ नावाचा अर्क, आणि तो बहुतेक वेळा वाळवून धुरी दिलेल्या ‘कात्सुओ’ या माशाच्या किसापासून काढतात. हा मासा आपल्याकडच्या कुप्याच्या कुळातला. भाज्यांवर ओतलेल्या रसातही तो असू शकतो. समुद्री शेवाळापासून केलेला दाशीही मिळतो, पण तो विचारून घ्यावा लागतो.

सुकट आणि सुशी

कोकणात पावसाळ्यासाठी मासळी टिकवायची ती मीठ आणि ऊन यांच्या जोरावर. बोंबील, सुकट, जवळा, खारे बांगडे हे त्याचेच प्रकार. दमट हवेच्या आग्नेय आशियात भातशेतीच्या प्रदेशात दुसरी युक्ती निघाली. खारवलेला मासा शिजवलेल्या भातात दाबून महिनोन् महिने ठेवायचा. भात आंबतो, त्यात दह्यासारखेच आम्ल तयार होते, आणि त्या आम्लात मासा कुजत नाही. खायच्या वेळी भात फेकून द्यायचा आणि मासा खायचा. जपानमधल्या बिवा सरोवराच्या काठी ‘फुनाझुशी’ या नावाने हा प्रकार आजही केला जातो. त्याचा वास नवख्याला सहन होत नाही, म्हणजे आपल्या सुक्या मासळीच्या बाजाराला नाके मुरडणाऱ्यांनी तिकडे जाऊ नये हे बरे.

पुढे लोकांचा धीर सुटत गेला. आधी भात पूर्ण आंबण्यापूर्वीच मासा आणि भात दोन्ही खाऊ लागले. नंतर आंबवण्याची वाट न पाहता भातात थेट शिरका घालू लागले. आणि १८२० च्या दशकात एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, हाताने वळलेल्या भाताच्या मुटक्यावर मासा ठेवून तो लगेच गिऱ्हाइकाला देण्याची पद्धत रूढ झाली. तिचे श्रेय परंपरेने हानाया योहेई या विक्रेत्याला दिले जाते. आज पंचतारांकित ठिकाणी मिळणारी निगिरी सुशी मुळात रस्त्याकडेच्या टपरीवर उभ्याने खायचा पदार्थ होता. आपल्या वडापावाची जी सामाजिक जागा, ती तिची होती.

तेव्हा शीतकपाट नव्हते, बर्फही सहज मिळत नव्हता. म्हणून एदोच्या सुशीवाल्याचा मासा क्वचितच निव्वळ कच्चा असे. कुप्याचे तुकडे सोयासॉसमध्ये मुरवलेले असत, बांगड्याच्या जातीचा मासा मीठ लावून शिरक्यात बुडवलेला असे, कोळंबी उकडलेली असे. ज्या ट्यूनाच्या पोटाकडच्या चरबीदार मांसासाठी आज गिऱ्हाईक वाटेल ती किंमत मोजते, ते मांस तेव्हा लवकर खराब होते म्हणून कवडीमोल समजले जाई. कच्च्या माशाची आजची मिजास ही शीतकरणाच्या यंत्राने घडवलेली गोष्ट आहे.

‘ताजा’ म्हणजे काय?

इथे आपल्या समजुतीला खरा धक्का बसतो. बाजारात कोळीण मावशीकडून मासा घेताना आपण कल्ले उचलून लाली पाहतो, डोळे पाहतो, बोटाने दाबतो. ही परीक्षा उत्तम आहे. पण शिजवायच्या माशासाठी. कच्चा खायच्या माशासाठी ती अपुरी पडते, कारण तिथे पहिला धोका कुजण्याचा नसून परजीवींचा असतो. ‘अनिसाकिस’ नावाची सूतभर जाडीची अळी अनेक सागरी माशांच्या आतड्यांत आणि मांसात असते. मासा सकाळी जाळ्यातून काढलेला, लखलखीत ताजा असला तरी ती असू शकते, आणि जिवंत असते. ती पोटात गेली की काही तासांत असह्य कळा येतात. व्यवस्थित शिजवले की ती मरते. न शिजवता मारायची तर गोठवावे लागते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मार्गदर्शक सूचना अशी आहे की, कच्चा खायचा मासा उणे २० अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानात सात दिवस ठेवावा, किंवा उणे ३५ अंशांत घट्ट गोठवून त्याच तापमानात पंधरा तास ठेवावा. युरोपीय महासंघाचा नियम माशाच्या गाभ्यापर्यंत उणे २० अंशांत किमान २४ तासांचा आहे. घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा हे काम खात्रीने करीत नाही. दार सतत उघडझाप होते आणि तापमान वरखाली होते. तेव्हा घरी सुरमई आणून, फ्रीजमध्ये रात्रभर ठेवून सुशी करण्याचा उत्साह टाळलेलाच बरा.

म्हणजे उत्तम जपानी जेवणघरातला बराचसा मासा हा गोठवलेलाच असतो, आणि ती त्याची उणीव नसून त्याचा दाखला असतो. लांब पल्ल्याच्या जहाजांवर पकडलेला ट्यूना तर उणे ६० अंशांपर्यंत गोठवतात. याला ठळक अपवाद म्हणजे संवर्धित सॅमन. जपानी माणूस स्वतःच्या किनाऱ्यावरचा सॅमन पूर्वी कच्चा खात नसे, परजीवींच्या भीतीनेच. १९८० च्या दशकाच्या मध्यावर नॉर्वेने आपला पिंजऱ्यात वाढवलेला सॅमन जपानमध्ये खपवण्यासाठी चिकाटीने मोहीम चालवली. तयार खाद्यावर वाढलेल्या माशात ही अळी सहसा नसते, हा तिचा मुद्दा होता. आज जगभर सुशीचे चित्र काढायला सांगितले तर लोक नारिंगी सॅमन काढतात. ती परंपरा चाळीस वर्षांची आहे, चारशेची नाही.

गोठवण्याने सगळेच धोके जातात असे मात्र नाही. त्याने जिवाणू मरत नाहीत, नुसते थबकतात. बांगडा, कुपा यांसारखे मासे उन्हात किंवा बर्फाविना पडून राहिले तर त्यांच्या मांसात जिवाणूंमुळे हिस्टामिन तयार होते. मग तोंड लाल होते, डोके ठणकते, अंगावर गांधी उठतात; लोक म्हणतात, ‘मासळी बाधली’. हे हिस्टामिन गोठवून जात नाही आणि तळूनही जात नाही. त्यामुळे हा धोका कळंबोलीच्या थाळीतल्या बांगड्याला आणि तोक्योच्या साबाला सारखाच लागू आहे. त्यावर उपाय एकच : जाळ्यातून ताटापर्यंत अखंड बर्फ. लिंबू, शिरका किंवा वासाबीचा तिखटपणा जंतू मारतो, ही समजूत दिलासा देणारी असली तरी तिच्यावर विसंबू नये. शिवाय आपल्याकडच्या बहुतेक ठिकाणी मिळणारी ‘वासाबी’ ही दुसऱ्याच एका तिखट मुळाची, हिरवा रंग दिलेली भुकटी असते. जपानमध्येही तिचा वापर सर्रास होतो, हे सांगायला हवे. उगाच फसवले गेल्याची भावना नको.

दुपारच्या गिऱ्हाइकाने पाहायचे ते एवढेच. दुकान मासळी कुठून आणते आणि कशी गोठवते, हे विचारल्यावर उत्तर स्पष्ट मिळते का? मासा हाताला गार लागतो का आणि भात कोमट आहे का? काचेच्या मांडणीत मुटके किती वेळ पडून आहेत? कचेरीत मागवलेला डबा दोन तास मेजावर ठेवून बैठक संपल्यावर खाणे हा सगळ्यांत वाईट प्रकार. गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि रोगप्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांनी कच्ची मासळी खाऊ नये, असा वैद्यकीय सल्ला सहसा दिला जातो. त्यांच्यासाठी भाजलेल्या माशाचे तेइशोकु आहेच.

रत्नागिरीचा ‘खेकडा’

जपानी जेवणात आपला किनारा कुठेच नाही असे वाटत असेल तर ताटातल्या लाल-पांढऱ्या खेकड्याच्या कांडीकडे पाहावे. तिच्यात बहुधा खेकडा नसतोच. ती असते ‘सुरिमी’ची. मासा साफ करून, काटे काढून त्याचा खिमा गार पाण्यात पुन्हा पुन्हा धुतात. रंग, वास, चरबी निघून जाते आणि उरतो तो प्रथिनांचा पांढरा लगदा. तो नुसता गोठवला तर त्याचा चिवटपणा जातो. साखर मिसळली तर टिकतो, हे १९६० च्या सुमारास होक्काइदोतल्या संशोधकांनी शोधले आणि मोठा धंदा उभा राहिला. या लगद्यात पिष्ठ, अंड्याचा पांढरा बलक, खेकड्याचा स्वाद आणि लाल रंग घालून जपान्यांनी १९७० च्या दशकात या कांड्या बाजारात आणल्या.

रत्नागिरीच्या गद्रे मरीन या कंपनीने १९९० च्या दशकात हे तंत्र कोकणात आणले. तिची सुरिमी आणि खेकड्याच्या कांड्या जपानसह अनेक देशांत जातात. यासाठी लागतो मुख्यतः राणी मासा. गुलाबी रंगाचा, पिवळ्या रेघांचा हा मासा पूर्वी ट्रॉलरच्या जाळ्यात सापडला तरी त्याला फारसा भाव नव्हता. त्याच्या एका जातीच्या शास्त्रीय नावात ‘जापोनिकस’ हा शब्द आधीपासूनच बसलेला आहे, हा निव्वळ योगायोग. भाव मिळाला हे मच्छीमारांच्या दृष्टीने चांगलेच झाले. पण बारीक आसाच्या जाळ्यांत जे येईल ते कारखान्यात खपू लागले की लहान पिल्लेही त्यात जातात, ही तक्रार किनाऱ्यावर सर्वत्र ऐकू येते आणि ती खोटी नाही. २०२३ मध्ये राज्य सरकारने पापलेटला राज्यमासा घोषित केले, तेही त्याचे घटते प्रमाण पाहूनच.

कासाडीच्या काठी

आता पुन्हा कळंबोलीत येऊ. जपान या परिसराला अपरिचित नाही. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला शिवडी-न्हावा शेवा अटल सेतू जपानी कर्जातून उभा राहिला. न्हावा शेवा बंदराला दिल्लीशी जोडणाऱ्या पश्चिम मालवाहतूक मार्गिकेलाही तोच पैसा आहे. शेजारच्या तळोजा औद्योगिक वसाहतीत मासळीवर प्रक्रिया करणारे कारखाने आणि शीतगृहे आहेत. तिथून गोठवलेली मासळी कंटेनरमध्ये भरली जाते आणि न्हावा शेव्याला जाऊन परदेशी रवाना होते. म्हणजे शीतसाखळी, म्हणजेच कच्च्या माशाच्या जेवणाला जे सर्वांत जास्त लागते ते, कळंबोलीच्या उंबरठ्यावर आहे.

नाही तो मासा. तळोजे आणि कळंबोली यांच्यामधून वाहत पनवेलच्या खाडीला मिळणारी कासाडी नदी एके काळी या गावांची रोजची भाजी होती. जिताडा, बोय, कोळंबी, चिंबोरी, आणि चिखलात हाताने पकडायची निवटी. आगरी घरांत निवटीचे कालवण अजूनही नुसत्या आठवणीने जिभेवर येते. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजे भागातली भटकी कुत्री निळी झाल्याची छायाचित्रे जगभर गेली. रंगाच्या एका कारखान्यावर बंदीची कारवाई झाली. लोक हसले. पण कुत्र्यांवरचा रंग दिसला म्हणून बातमी झाली, माशांच्या आत काय जाते ते दिसत नाही. २०१८ मध्ये इथले अरविंद म्हात्रे कासाडीच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापुढे घेऊन गेले आणि तळोज्याच्या सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा कारभार लवादाच्या चौकशीखाली आला.

या बाबतीत जपानकडून घ्यायचा धडा सुशीचा नाही, मिनामाताचा आहे. या खाडीकाठच्या गावात चिस्सो कंपनीचा कारखाना १९३२ पासून पारा मिसळलेले सांडपाणी समुद्रात सोडत होता. आधी मासळी खाणारी मांजरे पिसाळल्यासारखी धडपडून मेली. मग माणसांचे हातपाय थरथरू लागले, वाचा गेली, दृष्टी गेली. १ मे १९५६ रोजी या आजाराची अधिकृत नोंद झाली. सरकारने कारण मान्य केले ते सप्टेंबर १९६८ मध्ये. त्या बारा वर्षांत कारखाना चालू होता आणि अनेक मच्छीमार कुटुंबे तीच मासळी खात होती, कारण दुसरे खायला नव्हते. दूषित मासळी बाहेर जाऊ नये म्हणून खाडीत लावलेले जाळे निघायला १९९७ उजाडले. त्या मासळीत आणि इतर मासळीत डोळ्यांनी, नाकाने किंवा चवीने काहीही फरक कळत नव्हता. अनिसाकिस गोठवून मारता येतो, जिवाणू शिजवून मारता येतात. मांसात मुरलेला पारा ना गोठवून जातो ना तळून.

कासाडीत पारा आहे असे इथे म्हणायचे नाही. कोणत्या नदीच्या माशात कोणते धातू किती, याचे उत्तर मासा तपासूनच द्यावे लागते, आणि तपासणी पाण्याची करून भागत नाही. जपानने मिनामातानंतर माशांतल्या पाऱ्याची मर्यादा ठरवली, आणि गरोदर स्त्रियांनी मोठ्या ट्यूनासारखे शिकारी मासे किती खावेत याचे सरकारी कोष्टकच तिथे आहे. पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झाली. कळंबोली तिच्या हद्दीत येते. खाडीची मासळी विकणाऱ्या बाया तिच्या बाजारात बसतात. त्यांच्या टोपलीतल्या माशाची ठरावीक काळाने प्रयोगशाळेत तपासणी करून निकाल बाजारातच फळ्यावर लावणे, हे काही जपानी तंत्रज्ञान लागणारे काम नव्हे.

पोलाद बाजारातल्या खानावळीतली सुरमई आता ससून डॉक किंवा करंजा इथून बर्फात घालून येते. जिताडा मागितलात तर मिळतो, पण तो बहुधा पेण-अलिबागकडच्या खारजमिनीतल्या तळ्यांचा असतो, आणि त्याची किंमत पापलेटाच्या बरोबरीने सांगितली जाते.